ध्वनिनाथ महाराजांची घरघर

संध्याकाळचे सहा वाजत आले होते आणि घमापुरच्या त्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पिंपळाच्या पाराभोवती दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती. पारावर वाघाच्या कातड्यावर ध्वनिनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. खरं तर ती पिवळी सतरंजी होती आणि तिच्यावर कुणीतरी काळे पट्टे ओढले होते. पण नमस्काराला वाकलेल्या माणसाला एवढं कुठलं दिसायला! महाराजांसमोर चौरंगावर झेंडूचा हार घातलेला एक ट्रान्झिस्टर होता. त्यातून लढाईच्या बातम्या चालू होत्या.

मागे टिणकन एकदा घंटी वाजली. महाराजांनी त्रिशूळ वर उचलला.

"आ जा, माई! रणचंडी, आ जा! बच्चे राह देख रहे हैं!"

गल्ली चिडीचूप झाली. निवेदक कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होता. पूल आपल्या जवानांनी घेतला की शत्रूनं उडवला, ते कळायच्या आतच त्याचा आवाज बुडाला आणि ट्रान्झिस्टरमधून आवाज आला, घर्रर्रर्र!

"जय हो! जय हो महाराज!"

बायकांनी पदर पसरले. रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षं शिट्ट्या वाजवून निवृत्त झालेले भय्यासाहेबसुद्धा टोपी काढून उभे राहिले. आणि नवल असं, की त्याच क्षणी गल्लीतल्या घराघरांतले रेडिओही घरघरू लागले.

"सुनो, बच्चा," महाराज म्हणाले. "साहेब लोग कहते हैं, फ्रीक्वेन्सी है. अरे, फ्रीक्वेन्सी नहीं, ये पितृक्वेन्सी है! जे लढाईत गेले त्यांचे आत्मे हवेत फिरून राहिले. आणि हवेतलं सगळं ओढून घेणारा डबा कोणता? रेडिओ! ज्या घरी रेडिओ, त्या घरी प्रेतं वस्तीला!"

पंधरा मिनिटांनी मागे घंटी दोनदा वाजली. "बस, माई, बस," महाराजांनी हात दाखवला. घरघर थांबली. निवेदक ठणठणीत आवाजात म्हणाला, "बातम्या संपल्या."

गर्दीच्या मागच्या टोकाला शरयू उभी होती. तिच्या हातात मोठी सुई होती आणि सुईत मेणाचा दोरा. एका विमानाचा पंख शिवता शिवता ती उठून आली होती.

हो, विमानाचा. पाराला लागूनच तिच्या घराची पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये तिचा नवरा रत्नाकर पाच वर्षांपासून विमान बनवत होता. तो कारखान्यात टूल-रूममध्ये होता. हाताला लोखंड लागलं की ते त्याचं ऐकायचं. सांगाडा सागाचा, अंगावर कापड, इंजिन एका जुन्या मोटारीचं, आणि बसायला जागा एकाच माणसाची. नाव भिंगरी. शेड अपुरी पडते म्हणून पंख काढून भिंतीशी टेकवून ठेवलेले. उडवायची परवानगी दिल्लीहून यायची होती, आणि लढाई लागल्यावर ती विचारायचीही सोय उरली नव्हती. तरी रोज भोंगा वाजला की रत्नाकर सायकलवरून यायचा, चहा घ्यायचा, गॉगल चढवायचा आणि भिंगरीत बसून पंधरा मिनिटं मनातल्या मनात नागपूरला जाऊन यायचा.

आज तो नेमका तिथूनच परतला होता. डोळ्यांवर अजून गॉगल.

"काय गर्दी आहे गं! देवी आली होती काय?"

"तुम्ही हसून राहिले, पण घरातला रेडिओपण घरघरला. मी ऐकला."

"स्टेशनचा बिघाड असेल. नाहीतर मग महाराजांच्या पोटात गॅस." असं म्हणून तो भुर्रकन आत गेला. महाराजांची टिंगल करणारा अख्ख्या गल्लीत तो एकटाच होता. त्यामुळे आता तो एकटाच होता.

शरयूला हसू आलं खरं, पण ते टिकलं नाही. घरात शिरताना शेजारची शकु पायरीवर बसलेली दिसली, मांडीवर रेडिओ आणि डोळ्यांना पदर. शकुचा नवरा फौजेत ट्रकवर होता, पूर्वेकडच्या आघाडीवर. गेल्या सुटीत त्यानं हा रेडिओ आणला होता. त्याचं पत्र येऊन महिना झाला होता आणि तेव्हापासून ती या डब्याला कान लावून जगत होती.

"काहून रडून राहिली, शकु?"

"वहिनी, शनिवारी सगळ्यांनी रेडिओ महाराजांजवळ द्यायचे. रात्रभर ते मंत्र घालतील आणि रविवारी सकाळी तिलवाऱ्याला नर्मदेत विसर्जन. महाराज म्हणाले, हा डबा घरात राहिला तर यांच्या जिवाले धोका."

"आणि तू देणार?"

"न देऊ तर काय करू? काही झालं तर मीच मारलं म्हणतील नं? मलेच वाटेल तसं." तिनं रेडिओ असा घट्ट धरला होता, जसं कुणी आत्ताच ओढून नेणार आहे.

तुझा महाराज लबाड आहे, एवढं म्हणून भागणार नव्हतं. घरघर तर खरी होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कारखान्यात रत्नाकरला ओव्हरटाइम लागला. सहा वाजले, गर्दी जमली, पण घंटी वाजली नाही. महाराज तासभर त्रिशूळानं पाठ खाजवत बसले आणि शेवटी म्हणाले, "आज माई मौनात आहे." बातम्या अथपासून इतिपर्यंत स्वच्छ ऐकू आल्या. लोक हिरमुसून घरी गेले.

शरयू भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. मागच्या शुक्रवारीही माई मौनात होती. त्या दिवशी रत्नाकर कुठं होता? तिनं कॅलेंडर काढलं. रत्नाकर त्यावर ओव्हरटाइमच्या दिवशी लाल खूण करायचा. शुक्रवार लाल, बुधवार लाल. हा कसला योगायोग? रणचंडी कारखान्याच्या पाळ्या पाहून येते की काय?

गुरुवारी दुपारी घरात कोणी नसताना तिनं स्वयंपाकघरातला रेडिओ मोठ्यानं लावला, शेडचं दार उघडं ठेवलं आणि भिंगरीत चढून बसली. आधी मुख्य बटण दाबलं, तसा लाल दिवा लागला. गाणं चालूच होतं. मग भोवऱ्याचं बटण. दिवाळीच्या सुमारास रत्नाकरनं मिलिटरीच्या भंगाराच्या लिलावातून आणलेलं ते यंत्र होतं. आत भोवरा फिरतो आणि विमान कुठं वळतंय ते काटा दाखवतो. थंडीत ते अडकू नये म्हणून तो रोज पंधरा मिनिटं फिरवायचा. तिनं बटण दाबलं.

स्वयंपाकघरातलं गाणं मेलं. घर्रर्रर्र!

बटण बंद, गाणं चालू. बटण चालू, घरघर. तिनं दहा वेळा केलं. दहाव्या वेळी ती एकटीच त्या लाकडी विमानात बसून इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. रणचंडीची कळ तिच्या अंगठ्याखाली होती! तिनं पुन्हा दाबलं. "आ जा, माई!" घर्रर्र. "बस, माई!" गप्प. महाराजांपेक्षा तिचं जास्त ऐकत होती.

हसता हसता तिचं लक्ष समोरच्या, पाराकडच्या बंद दाराच्या पत्र्याकडे गेलं. शेडच्या काचांना तिनंच काळा कागद लावला होता, ब्लॅकआउटसाठी. त्या अंधारात पत्र्याच्या एका खिळ्याच्या भोकातून उन्हाची काडी आत आली होती आणि तिच्यात धूळ नाचत होती. बघता बघता ती काडी विझली. शरयूनं नीट पाहिलं. भोकात डोळा होता!

डोळा मिचकावला, ती किंचाळली, डोळा गेला.

पलीकडे त्या जागी महाराजांचा चेला पुंडलिकदास बसत असे. भिंतीकडे तोंड करून तप करणारा, हातात घंटी असणारा. काय महान तप! रत्नाकर आधी लाल दिवा लावायचा, मग मिनिटभर एकेक काटा तपासायचा आणि मग भोवरा सुरू करायचा. दिवा दिसला की घंटी एकदा. शेवटी तो आकडे वहीत लिहून वही खिशात घालायचा आणि मग भोवरा बंद करायचा. वही खिशात गेली की घंटी दोनदा. त्यांना घरघर का होते ते कळत नसेल, पण कधी होते ते पक्कं कळलं होतं. धंद्याला तेवढं पुरे.

ती तडक घमापुरच्या बाजारात अंबादासच्या दुकानात गेली. अंबादास रेडिओ दुरुस्त करायचा.

"यात नवल काय, वहिनी?" तो कानामागची पेन्सिल काढत म्हणाला. "तुमच्या भोवऱ्याला बॅटरीची वीज चालत नाही. मधे एक पेटी असेल, वीज बदलून देणारी. तिच्यात बारीक पात्या असतात, सेकंदाला शंभर-शंभर वेळा उघडतात-मिटतात. दरवेळी बारीक ठिणगी. आणि ठिणगी म्हणजे काय? एक छोटं बेअक्कल रेडिओ स्टेशन! ना गाणं, ना बातमी, नुसती घरघर. बॅटरीचा चार्जर घरच्या लायनीला लावता?"

"हो. नेहमीच."

"मग झालं. तारेवरून गल्लीभर प्रसाद वाटून राहिले तुम्ही. चलो, एक कंडेन्सर घेऊन जा, तो ठिणगीची घरघर गिळतो. पेटीला पत्र्याचं झाकण घाला, त्याची तार जमिनीत सोडा. माई कायमची शांत."

रत्नाकर संध्याकाळी आला. शरयूनं चहाऐवजी ही बातमी दिली.

"माझं यंत्र? अशक्य!" तो ताडकन उठला. "माझ्या यंत्राचा आवाज नाही येत. मी स्वतः तेल घालतो!"

"तेलाचा काय संबंध? तुम्ही स्वयंपाकघरात बसा आणि कान उघडे ठेवा."

तो बसला. तिनं तीनदा बटण दाबलं. परत आली तेव्हा तो रेडिओकडे असा पाहत होता, जसं घरच्या माणसानं चारचौघांत चुगली करावी. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"शरयू, हे कोणाला सांगू नको. आपण गुपचूप कंडेन्सर लावू. लढाई चालू आहे. मी डिफेन्सच्या कारखान्यात नोकरीला. लोक म्हणतील, यानं शत्रूसाठी बातम्या बुडवल्या. भिंगरी जप्त होईल, नोकरी जाईल, मीपण आत जाईन."

ही भीती खोटी नव्हती.

"गुपचूप केलं तर महाराज म्हणेल, मी माईला कायमची शांत केली," ती म्हणाली. "त्याचा मठ बांधतील इथं. आणि शकुचा रेडिओ नर्मदेत जाईल."

रत्नाकर बराच वेळ गॉगलची काच पुसत राहिला. पुसून पुसून ती आधीच लख्ख झाली होती.

"करायचं काय मग?" त्यानं विचारलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच भिंगरीच्या बाबतीत शरयूनं त्याला हुकूम दिला.

शनिवारी पाराजवळ जत्रा होती. एकतीस रेडिओ हळदकुंकू लावून, हार घालून ओळीनं मांडले होते. एका आजोबांनी आपल्या रेडिओला स्वेटर घातला होता. शकुचा रेडिओ शेवटचा. तो ठेवून ती तिथंच खाली बसली होती.

शरयू ओळ ओलांडून घरातून शेडमध्ये गेली आणि पाराकडच्या दाराच्या कडेला उभी राहिली. आत कंदिलाच्या उजेडात रत्नाकर भिंगरीत बसला होता. त्याच्या मागे अंबादास, हातात कंडेन्सर.

सहा वाजले. आत लाल दिवा लागला. टिण!

"आ जा, माई!" महाराज गरजले. "आखरी दर्शन दे दे!"

शनिवारी बातम्यांच्या आधी शेतीचा कार्यक्रम असे. ट्रान्झिस्टर म्हणाला, "कांद्यावर करपा दिसताच शेतकरी बंधूंनी फवारणी करावी."

"आ जा, माई!"

"फवारणी सकाळच्या वेळी करावी."

"रणचंडी! मैं बुला रहा हूँ!"

"दहा दिवसांनी पुन्हा करावी."

कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी घाम पुसला. "माई रूठ गई है. तुमच्यात कोणीतरी नास्तिक बसला आहे." तोच आत रत्नाकरनं लाल दिव्याचा बल्ब सैल केला आणि दिवा नसताना भोवरा सुरू झाला. घर्रर्रर्र!

"देखा? आली!" महाराजांना हायसं वाटलं. आत रत्नाकरनं लगेच वही काढली, काही न लिहिता खिशात घातली. टिण टिण!

"बस, माई, बस."

घर्रर्रर्र.

"बस म्हटलं नं! शांत!"

घर्रर्रर्र.

महाराजांनी त्रिशूळ आपटला. मग ट्रान्झिस्टरला चापट मारली. मग दुसरी. पुंडलिकदास मागे वेड्यासारखा टिण टिण, टिण टिण करत सुटला. आधी भय्यासाहेबांच्या मिशीतून फुर्रकन आवाज आला, आणि मग सगळी गल्लीच फुटली.

शरयूनं दाराची कडी काढली. पत्र्याचा पल्ला आत उघडला आणि त्याला डोळा चिकटवून बसलेला पुंडलिकदास घंटीसकट भिंगरीच्या चाकापुढे साष्टांग पडला.

"माई माझ्या घरी आहे," शरयू म्हणाली. "या, दाखवते. शकु, तू आधी ये."

शकु बावरून आत आली. शरयूनं तिला हात धरून भिंगरीत बसवलं, रत्नाकर उतरला. "हे बटण दाब."

शकुनं दाबलं, आणि बाहेर गप्प झालेलं बातमीपत्र बोलू लागलं. पुन्हा दाबलं. घरघर. पुन्हा. बातम्या. दर खेपेला बाहेरून "ओ हो हो!" असा आवाज यायचा. शकुनं सात वेळा केलं. आठव्या वेळी ती स्वतःच हसत होती, गालांवर ओघळ तसेच.

"म्हणजे आत्मे नाहीत, वहिनी?"

"ठिणग्या आहेत. या पेटीत. अंबादासभैया, सांगा तुम्ही."

अंबादासनं सांगितलं. पण तो बोलत असतानाच मागून एक आवाज आला, "म्हणजे इतके दिवस लढाईच्या बातम्या तुम्हीच बुडवून राहिले होते!" आणि दुसरा, "पोलिसात द्या यांना!" हशा थांबला.

"हो, आम्हीच," शरयू म्हणाली. "आम्हाला ठाऊक नव्हतं, पण चूक आमचीच. गुरुवारी कळलं. पोलिसांना बोलवा, आम्ही त्यांनाही हेच दाखवू. कळल्यावर लपवलं असतं तर आमच्यात आणि या बुवात काय फरक राहिला असता?"

भय्यासाहेब पुढे आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग शरयूकडे.

"सूनबाई, चुकीचा सिग्नल पडला तर गाडी थांबवून सांगावं लागतं. तीस वर्षं मी तेच केलं. आणि इथं टोपी काढून उभा राहिलो, एकदाही विचारलं नाही की भानगड काय आहे." त्यांनी गर्दीकडे वळून आवाज चढवला. "पोलिसात जायचं असेल तर आधी आपण सगळे आपापल्या अकलेची तक्रार नोंदवू!"

तेवढ्यात अंबादासचं काम आटोपलं होतं. कंडेन्सर बसला, झाकण लागलं, तार जमिनीत गेली. "दाब, शकुताई." तिनं दाबलं. भोवरा सुं सुं फिरू लागला, काटा हलला, आणि बाहेर ट्रान्झिस्टर स्वच्छ बोलत राहिला.

महाराज जागेवर नाहीत, हे आत्ता कोणाच्या तरी लक्षात आलं. पारावर फक्त पट्ट्यांची सतरंजी होती. शकु आपला रेडिओ उचलायला धावली, तिचा पाय पारामागच्या ताडपत्रीत अडकला आणि ताडपत्री सरकली. खाली लाल फडक्यात बांधलेली एकतीस गाठोडी होती. एक सोडलं. आत वीट. दुसरं सोडलं. वीट. उद्या तिलवाऱ्याला नर्मदेत विटा गेल्या असत्या आणि रेडिओ सिहोऱ्याच्या बाजारात. हे पुंडलिकदासनंच सांगितलं, फार न विचारता, भिंगरीच्या चाकाला धरून. महाराज गल्लीच्या तोंडाशी सापडले. पळताना त्यांनी त्रिशूळ टाकला होता, ट्रान्झिस्टर मात्र नव्हता टाकला. काखेत तो कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता, त्यावरूनच सापडले.

पोलीस आले, त्यांनी महाराजांना नेलं, आणि भिंगरीही पाहिली. फौजदारानं दोनदा बटण दाबून पाहिलं, मग तिसऱ्यांदा नुसतंच हौसेनं. रत्नाकरला कारखान्यात एक लेखी खुलासा द्यावा लागला. भोवरा लढाई संपेपर्यंत बंद ठेवायचा, एवढ्यावर निभावलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी शत्रूच्या शरणागतीची बातमी आली. एकतीसच्या एकतीस रेडिओ मोठ्यानं लागले होते आणि एकाही शब्दावर ओरखडा नव्हता. लोक रस्त्यावर नाचले. शकु नाचली नाही, ती शरयूच्या खांद्याला धरून उभी राहिली. नवऱ्याचं पत्र तिला जानेवारीत आलं, पोस्टमननं आणून दिलं, कुठल्या महाराजांनी नाही.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एकीच्या रेडिओतून रडल्यासारखा आवाज येऊ लागला. कुणी म्हणे मेलेली सवत, कुणी म्हणे सासू. शकु पदर खोचून गेली. तिनं कोणाला नावं ठेवली नाहीत. फक्त विचारलं, आवाज कधी येतो? कधी थांबतो? त्या वेळी घरात काय काय चालू असतं? एकेक वस्तू बंद करत ती पंख्यापाशी पोचली.

"कोणाचा कोप, ताई?" घरच्या बाईनं हात जोडून विचारलं.

"पंख्याचा," शकु म्हणाली. "आणि हात काहून जोडून राहिली? हात बटण दाबायले असतात. दाबून पाहायचं, बंद करून पाहायचं, आणि तरी नाही समजलं तर समजणाऱ्याले विचारायचं. घाबरायचं ते त्याच्यानंतर, आणि तोवर बहुतेक गरज राहत नाही."